हॅनोरा लिडेनची शपथ

डब्लिनहून आलेलं पत्र डीलियाने दोनदा वाचलं. पहिल्यांदा घाईघाईने वाचून टाकलं, तर आईने हात वर केला.

"ते मधलं पुन्हा वाच," हॅनोरा म्हणाली.

डीलियाने वाचलं. "'आपला मुलगा थॅडियस लिडेन कोणत्याही लढाऊ संघटनेत नव्हता, तो बुद्धीने थोडा मंद होता आणि मृत्यूच्या दिवशी एकटाच मासे धरायला गेला होता, असा जबाब आपण स्वतः फेब्रुवारी १९२१ मध्ये शपथेवर दिला असून तो त्या वेळच्या वर्तमानपत्रात छापून आला आहे. सबब, त्याच्या वरच्या अधिकाऱ्याचं प्रतिज्ञापत्र आल्याशिवाय आपल्या अर्जाचा...'"

"पुरे."

"म्हणजे दार अजून बंद केलेलं नाही त्यांनी. वरच्या अधिकाऱ्याचं नाव तू रिकामंच सोडायला लावलं होतंस."

हॅनोराने चिमट्याने चुलीतलं टर्फ, दलदलीतल्या मातीची ती जळती ढेकळं, उलटंपालटं केलं. वरच्या अधिकाऱ्याचं नाव तिला ठाऊक होतं. अख्ख्या कॅरोबेगला ठाऊक होतं. ते नाव तिने दहा वर्षांत तोंडातून काढलं नव्हतं, एवढंच.

पेन्शनचा अर्ज करायचं तिच्या मनात कधीच नव्हतं. लढाईत गेलेल्यांच्या आईबापांना सरकार काहीतरी देतं हे ती ऐकून होती. पण ज्या सरकारने धाकट्या मार्टिनला वर्षभर तुरुंगात कुजवलं, त्या सरकारचा पैसा नको, असं ती म्हणायची. मग गेल्या वर्षी सरकार बदललं. त्याच सुमाराला बॉस्टनमध्ये मार्टिनचं काम सुटलं आणि त्याच्याकडून येणारे डॉलर आधी कमी झाले, मग थांबले. डीलिया दूध संकलन केंद्रात काम करायची, पण तिथल्या पगारात दोघींचं आणि गळक्या छपराचं भागत नव्हतं. शेवटी डीलियानेच अर्ज आणला, भरला, आणि आईसमोर सहीला ठेवला.

"तू खरंच असं सांगितलं होतंस?" डीलियाने आता विचारलं. ती घटना घडली तेव्हा ती लिमरिकला एका घरी कामाला होती. "थेडी मंद होता म्हणून?"

"सांगितलं होतं."

"पण का?"

"कारण विचारणाऱ्याच्या कमरेला पिस्तूल होतं."

एवढंच बोलून हॅनोरा कोंबड्या कोंडायला उठली. पण त्या सकाळचं सगळं तिला काल घडल्यासारखं आठवत होतं.

त्या सकाळी शॅनन नदीच्या मुखावर एवढं धुकं होतं की दारातून गोठा दिसत नव्हता. आधी दारावर आला तो सेनन कॉन्सिडाइन. इंग्रजांशी लढणाऱ्या गावातल्या स्वयंसेवकांचा तो कॅप्टन, आणि कित्येकदा तिच्याच चुलीपाशी बसून बटाटे आणि ताक पोटभर घेतलेला. नखशिखांत भिजलेला, दातावर दात आपटत होते. "होडी उलटली," एवढंच बोलला. पलीकडून, केरीच्या बाजूने, रायफली आणायला गेले होते, हे तिने न विचारता ओळखलं. थेडी कुठे, हेही तिने विचारलं नाही. त्याचे ओले कपडे काढले, थेडीचा कोरडा सदरा त्याच्या अंगात घातला आणि त्याला पोटमाळ्यावर, मागच्या फळीआड झोपवलं. मग तासाभराने समुद्रशेवाळ गोळा करणाऱ्या लोकांनी थेडीला दाराच्या फळीवर घालून घरी आणलं. त्यांच्या पाठोपाठ लॉरीतून इंग्रज सैनिक आले.

अधिकाऱ्याने चौकशी तिथल्या तिथे, तिच्याच स्वयंपाकघरात केली. टेबलावर थेडी, आतल्या खोलीत तापाने पडलेला मार्टिन, वर पोटमाळ्यावर सेनन, आणि मधे ती. बायबलवर हात ठेवायला लावून त्याने विचारलं, "मुलगा बंडखोरांत होता का?"

"तो कसला बंडखोर, साहेब," ती म्हणाली. "त्याला बुटाचे बंद बांधायची आठवण करून द्यावी लागायची. डोक्याने अर्धवटच होता. मासे नाहीतर झोप, तिसरं काही त्याला ठाऊक नव्हतं."

अधिकाऱ्याने टेबलाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि लिहून घेतलं. घर जाळलं गेलं नाही. पोटमाळ्याची शिडी कोणी चढलं नाही. चौथ्या दिवशी सेनन गवताच्या गाडीतून निघून गेला. थेडीला बँड नाही, झेंडा नाही, असंच पुरलं. अर्धवट पोराला झेंडा कोण देणार. चोविशीचा मुलगा, गावातला सगळ्यात चांगला वल्हेकरी.

हे सगळं तिने गिळलं असतं. पुढचं मात्र तिच्याने गिळवलं नाही. इंग्रजांशी तह झाला, ते गेले, आणि तहावरून गावाची दोन गावं झाली. सेनन तहाच्या बाजूने गेला, नव्या सैन्याचा हिरवा गणवेश त्याने चढवला. मार्टिन विरुद्ध बाजूला. बावीसच्या डिसेंबरात सेनन सैनिक घेऊन हॅनोराच्या दारात आला. कुठे शोधायचं हे त्याला विचारावं लागलं नाही. सरळ शिडी लावून पोटमाळ्यावर चढला, मागची फळी सरकवली आणि मार्टिनला बखोटीला धरून खाली उतरवलं.

"लोक खाल्ल्या घरचे वासे मोजतात असं म्हणतात," हॅनोरा तेव्हा त्याला म्हणाली होती. "तू तर वाशांखाली झोपून मोजून ठेवले होतेस."

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. मार्टिन सुटला तो सरळ अमेरिकेला गेला. सेननने सैन्य सोडून गावात किराणा दुकान आणि त्याला जोडून गुत्ता काढला. हॅनोरा मिठासाठीसुद्धा चार मैल चालून किलरशला जायची.

पत्रानंतर आठवडा गेला. मग एका रात्री जेवताना डीलिया म्हणाली, "मी जाऊ त्याच्याकडे?"

"तू कशाला? शपथ मी घेतली होती."

"मग तू जा."

"नाक मुठीत धरून?"

"नाक तुझं आहे आई, कसं न्यायचं ते तू ठरव. पण छप्पर या हिवाळ्यात काही तुझ्या नाकाकडे बघून थांबणार नाही."

मंगळवारी सकाळी हॅनोराने काळी शाल घेतली आणि ती गावात गेली. दुकानात दोन बायका चहाची पुडी बांधून घेत होत्या. तिला पाहताच त्यांचं बोलणं तुटलं. गल्ल्यावर सेननची बायको उना होती. तिने स्वच्छच असलेली गल्ल्याची फळी उगाच पुन्हा पुसली.

"काय देऊ, मिसेस लिडेन?"

"काही नको. तुझा नवरा आहे?"

उनाने मागे वळून हाक मारली नाही. स्वतः आत गेली. सेनन बाहेर आला. अंगाने सुटला होता, कानशिलं पांढरी झाली होती. त्याने काही न विचारता मागच्या खोलीचं दार उघडून धरलं.

आत ती बसली. तो उभाच राहिला.

"बस," ती म्हणाली. "तुझंच घर आहे."

तो बसला. तिने पत्र त्याच्यापुढे सरकवलं. त्याने वाचलं, घडी केली, परत उलगडून पुन्हा वाचलं.

"तुम्ही बोललात ते मी वर ऐकत होतो," तो म्हणाला. "शब्दन् शब्द."

"ऐकण्यासाठीच जागा दिली होती का तुला मी?"

"नाही."

"मग ते राहू दे. त्यांना वरच्या अधिकाऱ्याचा शब्द पाहिजे. तू होतास ना त्याचा कॅप्टन?"

उनाने चहा आणून ठेवला आणि दार लावून गेली. हॅनोराने कपाला हात लावला नाही.

"त्यातच अडचण आहे, मिसेस लिडेन," तो शेवटी म्हणाला. "थेडी आमच्यात नव्हता."

"म्हणजे?"

"तुकडीत नव्हता. त्याने कधी शपथ घेतली नाही, कवायतीला आला नाही. आमच्यात होता तो मार्टिन. पलीकडे मार्टिनला न्यायचं ठरलं होतं."

दोन्ही पोरं यांच्यातच आहेत असं ती धरून चालली होती. त्या दिवसांत आया विचारत नसत. माहीत नसलेलं बोलून जायची भीती नसते.

"पहाटे मी तुमच्या दाराशी आलो," सेनन सांगू लागला, "तर थेडी उंबऱ्यावर बसून बूट चढवत होता. म्हणाला, धाकटा तापाने फणफणलाय, त्याला झोपू दे, मी येतो. म्हणाला, तसंही मला होडी त्याच्यापेक्षा चांगली वल्हवता येते. आणि ते खरंच होतं. मी नको म्हणालो नाही."

"मार्टिनला माहीत होतं?"

"त्यानंच भावाला सांगितलं असणार. नाहीतर थेडीला कुठून कळणार, कुठे जायचं ते."

"आणि होडी?"

"जाताना काही झालं नाही. येताना वजन होतं. धुक्यात वाळूच्या दांड्यावर चढलो आणि लाट आडवी आली. मला पोहता येत होतं. त्याला नव्हतं." तो थांबला. "एकदा हाताला लागला. मग नाही लागला."

"ओरडला का?"

"नाही. शिवी दिली एक. मला नाही, होडीला."

हॅनोराचा चेहरा किंचित हलला. ती थेडीचीच गोष्ट होती यात शंका नव्हती.

"मी लिहून देतो," सेनन म्हणाला. "वीसच्या नाताळात शाळेत त्याला शपथ दिली, असं लिहितो. तेव्हाचे बाकी लोक एकतर मेले, नाहीतर अमेरिकेत आहेत. खोटं पाडायला कोणी नाही. तुम्ही माझ्यासाठी खोटी शपथ घेतलीत. मी तुमच्यासाठी घेतो. फिट्टंफाट."

"फिट्टंफाट कशी होईल? पोटमाळ्याचं काय?"

सेननने मान खाली घातली. "त्या दिवशी मी आलो नसतो तर दुसरी तुकडी येणार होती. ते लोक त्या महिन्यात कैदी पकडून नेत नव्हते. रस्त्यातच गोळ्या घालत होते. मार्टिन जिवंत राहावा म्हणून मी स्वतः आलो."

"हे तू म्हणतोस."

"मी म्हणतो."

"मला काय ठाऊक ते खरं की आजच सुचलं." ती उठली, शाल सारखी केली, आणि पुन्हा बसली. "ऐक. त्याच्या नावावर मी एकदा खोटं बोलले. अर्धवट म्हणाले त्याला, तो समोर असताना. आता त्याच्यावर दुसरं खोटं नको. त्या सकाळी होडीत तू सांगशील तसं तो करत होता की नव्हता?"

"करत होता."

"रायफली तुमच्या होत्या?"

"आमच्या."

"मग तेवढंच लिही. बूट चढवण्यापासून लिही."

"तेवढ्यावर अर्ज फेटाळतील, मिसेस लिडेन. नियमाप्रमाणे तो सैनिक ठरत नाही."

"फेटाळू देत. छप्पर मग कसंही करू."

सेननने दौत ओढली. लिहिता लिहिता त्याने दोनदा तिला विचारलं आणि तिने दोनदा सांगितलं. त्यावर सही झाल्यावर तिने गार झालेला चहा उभ्यानेच पिऊन टाकला. दिलेला चहा टाकून जायची तिला सवय नव्हती.

घरी येऊन तिने डीलियाला सांगितलं ते थोडक्यात. डीलिया ऐकता ऐकता स्टुलावर बसली.

"म्हणजे मार्टिनच्या ऐवजी..."

"होय."

"आणि तो इतकी वर्षं एक अक्षर बोलला नाही?"

"तू बोलली असतीस?" हॅनोरा म्हणाली.

जानेवारीत एक गार्ड, म्हणजे पोलीस शिपाई, सायकलवरून चौकशीला आला. मुलाच्या कमाईवर आईचं पोट किती अवलंबून होतं, ते त्याला पाहायचं होतं. टिपरेरीकडचा, लांब मानेचा, थंडीने नाक लाल झालेला माणूस. हॅनोराने त्याला चुलीजवळ बसवलं, लग्नातले सोनेरी काठाचे कप काढले, मनुकांचा पाव कापला, वर लोणी जाड लावलं. डीलिया कामावरून आली तेव्हा गार्ड दुसरा तुकडा संपवत होता आणि दोघांची त्याच्या आईच्या संधिवातावर चर्चा चालली होती.

तो गेल्यावर डीलियाने कपाळाला हात लावला. "आई, गरिबी बघायला आला होता तो. तू त्याला मेजवानी घातलीस."

"थंडीतून आलेल्या माणसाला कोरडा पाव देऊ?"

"आणि थेडीच्या पैशांवर घर चालायचं का, असं विचारल्यावर काय सांगितलंस?"

"खरं ते सांगितलं. तो मासे आणायचा, मी कोंबड्या पाळायचे. कुणी कुणावर ओझं नव्हतं."

"झालं मग," डीलिया म्हणाली आणि तिने कप धुवायला घेतले.

मार्चमध्ये डब्लिनचा अधिकारी किलरशच्या कोर्टात दोन दिवस बसला होता. जिल्ह्यातले दहा-बारा अर्जदार बाकांवर रांगेने बसले होते. हॅनोराचं नाव पुकारलं तेव्हा सेनन आधीच आत होता. अधिकारी सर्दीने बेजार झालेला, मध्यमवयीन, चष्मा नाकाच्या टोकावर. त्याने सेननचा कागद वर धरला.

"तो सभासद नव्हता, असं तुम्ही स्वतःच लिहिता, मिस्टर कॉन्सिडाइन?"

"त्या सकाळपर्यंत नव्हता. त्या सकाळी मी त्याला घेतला."

"शपथ दिलीत?"

"शपथेला वेळ नव्हता. धुकं विरायच्या आत पलीकडे पोचायचं होतं."

"ही भरती नियमात बसते असं तुम्हाला वाटतं?"

"मी कॅप्टन होतो. कुणाला घ्यायचं ते मी ठरवायचो. तेव्हा नियम दाखवायला डब्लिनहून कोणी आलं नव्हतं."

अधिकाऱ्याने रुमाल नाकाला लावला आणि तो हॅनोराकडे वळला. वर्तमानपत्राचं पिवळं कात्रण त्याने तिच्यापुढे ठेवलं.

"मिसेस लिडेन, एकवीस सालची ही शपथ खरी की खोटी?"

"एकेक विचारा, साहेब."

"मासे धरायला गेला होता."

"खोटं."

"बुद्धीने मंद होता."

"खोटं. माझ्या तीन पोरांत त्याचं डोकं सगळ्यात शांत होतं."

"कोणत्याही संघटनेत नव्हता."

हॅनोराने कात्रण बोटाने मागे सरकवलं. "ते बोलले तेव्हा खोटं समजूनच बोलले होते. आता बारा वर्षांनी कळलं की तेवढंच जरा खरं होतं."

मागच्या बाकावर कोणीतरी हसू दाबलं. अधिकाऱ्याने चष्मा काढून पुसला. "खोटी शपथ घेणं गुन्हा आहे, हे तुम्हाला माहीत असेल."

"पाद्रीबाबांनाही माहीत आहे. त्यांनी त्याच वर्षी त्याबद्दल प्रायश्चित्त दिलं. आणखी द्यायचं असेल तर तुम्ही द्या."

त्याने आणखी काही विचारलं नाही. बाहेर पायऱ्यांवर सेनन थांबला होता. त्याच्याकडे मोटार होती. गावापर्यंत सोडतो म्हणाला. हॅनोराने आकाशाकडे पाहिलं, डीलियाकडे पाहिलं, आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. घराच्या फाट्यावर उतरताना ती "बरं, सेनन," म्हणाली.

निकाल मे महिन्यात आला. थॅडियस लिडेन हा मृत्यूच्या वेळी लष्करी कामगिरीवर होता, हे मान्य करण्यात येत आहे. परंतु अर्जदार आई मुलावर पूर्णपणे अवलंबून नसल्याचं चौकशीत दिसून आल्याने तिला कायमचं पेन्शन देता येत नाही; एकरकमी मदत मंजूर करण्यात येत आहे.

"सोनेरी काठाच्या कपांनी घात केला," डीलिया म्हणाली.

"कोणत्या शब्दांत लिहिलंय म्हणालीस? पहिलं वाक्य?"

"लष्करी कामगिरीवर होता."

"हं," हॅनोरा म्हणाली. तिने पत्र हातात घेतलं. तिला वाचता येत नव्हतं, पण थेडीचं नाव कुठे आहे ते तिने बोटाने विचारून घेतलं.

रकमेत छप्पर झालं आणि थोडं उरलं. रविवारी चर्चमधल्या मास प्रार्थनेनंतर पाद्रीबाबांनी वेदीवरून थेडीचं नाव घेतलं, जुन्या स्वयंसेवकांच्या नावांबरोबर. तहाच्या या बाजूचे आणि त्या बाजूचे, दोन्हीकडचे लोक आपापल्या बाकांवर गुडघे टेकून होते. कोणी मागे वळून पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी हॅनोराने डीलियाला मार्टिनला पत्र लिहायला बसवलं.

"लिही, थेडीचं काम झालं. सरकारने मानलं."

डीलियाने लिहिलं.

"लिही, छप्पर नवं आहे. पश्चिमेकडून वारा आला तरी आत थेंब येत नाही."

"मग?"

हॅनोराने चिमट्याने चूल सारखी केली. "लिही, कॉन्सिडाइनने कोर्टात सगळं सांगितलं. बूट चढवण्यापासून."

डीलियाची लेखणी थांबली. "त्याच्यापुढे काय लिहू?"

"पुढे काही नको. गाईला कालवड झाली ते लिही."

बॉस्टनहून उत्तर यायला ऑगस्ट उजाडला. पाकिटात पैसे नव्हते. हवेबद्दल, घरमालकिणीबद्दल, एका गोदीत रोजंदारी मिळाल्याबद्दल दोन पानं होती. शेवटी, सहीच्या खाली, एक ओळ वेगळ्या शाईने लिहिलेली होती. डीलियाने ती आधी मनात वाचली.

"काय लिहितोय?" हॅनोराने विचारलं.

"लिहितोय, 'आई, त्या सकाळी मला ताप खरोखरच होता.'"

हॅनोराने हातातली सुरी आणि बटाटा खाली ठेवला. असं काही या पोराला सांगावं लागेल असं तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. इतकी वर्षं तो काय विचार करत राहिला असेल, तो तिला आता समोर बसल्यासारखा दिसला.

"होताच," ती म्हणाली. "दोन रात्री मीच त्याच्या उशाशी बसले होते. पायाशी गरम वीट ठेवली होती फडक्यात गुंडाळून. कागद घे, डीलिया."

"आत्ता? भाकरी करपेल."

"करपू दे. आधी हे लिही. विटेचं लिही."